आखूड पायाचं स्टूल

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राच्या आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवतो आहे. ती शांतपणे वाच, आणि जमल्यास माझ्या सन्मानार्थ उभी राहून वाच. मला नोकरीत मिळालेल्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. फार नाही, बोटाच्या पेराएवढाच; पण माणसाचा स्वाभिमान घालवायला तेवढा पुरतो. तिकीट फाडायला पुढे वाकलो की स्टूल टक् करतं, मागे रेललो की पुन्हा टक् करतं. काचघरात आवाज घुमतो. काल एका चिमुरडीने आईला विचारलं की हे आजोबा आतून लाकडाचे आहेत का. आईने मला नीट निरखून पाहिलं आणि मगच नाही म्हणाली. ज्याच्या ऑफिसातल्या खुर्चीला पाठ कलवण्याचा वेगळा आणि मान टेकवण्याचा वेगळा खटका होता, त्याची ही अवस्था.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन वाजला की तुझी जुळी नातवंडं एकदम उठतात आणि फोनवर मी नुसतं बरंय, बरंय म्हणतो, म्हणून तू फोनबंदी केलीस. तेव्हा सविस्तर घे. मी निवृत्त झालो आहे, पण अर्धाच. कोणता अर्धा, असं हिने विचारलं; वरचा भाग तर केव्हाच निवृत्त झाला होता म्हणे. ही अजून नोकरी करते, त्यामुळे तिला असलं बोलायचा अधिकार आहे.

माझं आधीचं काम तुला ठाऊक आहे. कंपनीच्या शाखाशाखांतून हिंडायचं, कोण काय करतं ते पाहायचं आणि कोणावाचून चालेल ते वर कळवायचं. पदाचं नाव भारदस्त होतं, काम एवढंच. शेवटी शेवटी मी दारात दिसलो की सगळं ऑफिस एकदम जोरजोरात काम करू लागायचं. त्या आवाजाला मी विटलो. मला असं काम हवं होतं की ज्यात घरी आल्यावर डोक्यात काही उरू नये. भाऊजींनी अधीक्षकांकडे शब्द टाकला, आणि बागेच्या काचघराच्या दारावर माझी नेमणूक झाली. आठवड्यातले मोजके दिवस, तेही सकाळपुरते. तिकीट फाडायचं आणि लोकांना झाडांना हात लावू नका म्हणायचं. डोक्याला काडीचा ताप नाही. भाऊजी आत झाडांना पाणी घालतात, मी बाहेर बसतो. सुख म्हणजे आणखी काय असतं!

स्टुलाची तक्रार मी अर्थातच भाऊजींकडेही केली. ते आत गेले, घासून गुळगुळीत झालेला लाकडाचा एक चपटा टेकू घेऊन आले, गुडघ्यावर बसून पायाखाली सरकवला आणि म्हणाले, आता बसा साहेब. टक् बंद! हा कुठून आणला म्हणून विचारलं, तर म्हणाले, होता.

उठताना मात्र त्यांनी उजवा खांदा धरला. झारी उचलतानाही धरतात. मी विचारलं तर म्हणाले, जुना आहे. दुखणं जुनं की खांदा, ते काही कळलं नाही.

भाचीला आशीर्वाद, जुळ्यांना पापे. लोभ आहेच, तो जागरणांनी आटू देऊ नये.

तुझा
धाकटोबा


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र उभी राहूनच वाचलं; इथे बसायला मिळतंय कोणाला. या दोघांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या आहेत. तो झोपला की ती उठते, ती झोपली की तो. लेकीच्या अंगात अजून ताकद नाही आणि जावई बाळाला असं धरतात जसा कोणी दुसऱ्याच्या घरचा काचेचा दिवा धरावा. तेव्हा माझा मुक्काम लांबणार.

स्टुलाचं वाचून जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तुला थोडं हललेलं चांगलं.

एक सांगते ते ऐक. मागे तू आमच्याकडे राहायला आलास आणि मी बाजारातून येईपर्यंत माझं स्वयंपाकघर सुधारलंस. सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेस. दिसायला सुरेख होतं, नाही म्हणत नाही. पण अजून मी चहात मीठ घालता घालता थांबते. तेव्हा त्या काचघरात कशालाही हात लावू नकोस. लोकांना सांगतोस तेच स्वतःलाही सांग. बसायला ठेवलंय तर बस.

ह्यांच्या खांद्याचं कळवलंस ते बरं केलंस, कारण मला ते सांगणार नाहीत. शेकायला सांग. मोठ्या झारीऐवजी छोटी घ्या म्हणावं, चार खेपा जास्त होतील. एवढंच सांग, पुढे काही करू नकोस.

आणि एक. हा माणूस घरी मीठ हवं असलं तरी बोट दाखवतो. एकदा ते डबा विसरले म्हणून मी काचघरात गेले होते. आतून बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं कोणी आलंय. बघते तर झारी घेऊन एकटेच. एकेका नेच्याला पाणी घालायचं आणि बोलायचं. लेकीला चांगलं स्थळ मिळालं, मुलगा जरा गप्प आहे पण मीही गप्पच होतो, असं चाललं होतं. तेवढी वाक्यं ह्यांनी माझ्याशी सगळ्या संसारात सलग बोललेली नाहीत. मला नेच्यांचा राग आला आणि ह्यांची माया आली, दोन्ही एकाच वेळी. दाराशी डबा ठेवून परत आले. मी ऐकल्याचं त्यांना ठाऊक नाही. तूही तोंड उघडू नकोस.

तुझ्या हिला विचारल्याचं सांग. माया असू दे, आणि अक्कलही.

तुझी
अक्का


दि. १२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा मोडली आहे. पण फळ ऐकलंस की तूच पाठ थोपटशील.

झालं असं की अधीक्षकसाहेबांनी मला चहाला बोलावलं. मोठ्या कंपनीतला माणूस त्यांच्या दारात तिकिटं फाडतो याची त्यांना अजून गंमत वाटते. बोलता बोलता ते पाणी फार वाया जातं म्हणून कुरकुरू लागले. मी नुसतं एवढंच म्हणालो की छताखालून बारीक पाइप नेऊन फवारे बसवले आणि त्यांना टायमर लावला तर सगळं आपोआप होईल. त्यांना समजेना, तेव्हा बशीतल्या चहात बोट बुडवून टेबलावर आकृती काढून दाखवली. ती वाळायच्या आत त्यांनी मान डोलावली. अक्का, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. हात अजून चालतो म्हटलं.

पण हे मी स्वतःसाठी केलं असं समजू नकोस. माझ्या डोळ्यांपुढे भाऊजींचा खांदा होता. छोटी झारी त्यांनी घेतली नाही. म्हणाले, ती मुलांच्या खेळण्यातली वाटते. मग दुसरा उपाय काय होता? आता पाइप बसले आहेत. सकाळी दार उघडायच्या आत झाडं आंघोळ करून तयार असतात. खांद्याला कायमची सुट्टी! नेच्यांशी बोलायला आता भाऊजींना सगळा दिवस मोकळा. (मी तोंड उघडलेलं नाही.) त्यांना म्हटलं की आता खुशाल बसा, माझ्या शेजारी दुसरं स्टूल मागवतो, दोघं मिळून लोकांना दटावू. ते बरं म्हणाले. झारी धुतली आणि भिंतीपाशी उपडी ठेवली.

अधीक्षक इतके खूश आहेत की हे सगळं समितीपुढे मांडणार आहेत. माझ्या नावानिशी.

लोभ वाढवण्यास आता काही हरकत दिसत नाही.

तुझा
धाकटोबा


दि. ३ एप्रिल

सौ. हीस,
अ. आ.

पत्रास कारण की खांदा बरा आहे. शेकतो.

काचघरातलं माझं काम एक तारखेपासून बंद झालं. पाणी आपोआप होतं तेव्हा माळी नको, दारावर अर्धवेळ माणसं आहेत तेवढी पुरेत, असं समितीने ठरवलं. मला मुदतीआधी निवृत्त केलं आहे. पेन्शन लागू झालं, त्याची काळजी नसावी. अधीक्षक चांगलं बोलले. म्हणाले की लोक यासाठी धडपडतात, तुम्हाला घरबसल्या मिळालं. तुझा भाऊ तेव्हा तिथेच होता, पण तो खिडकीबाहेर बघत होता. त्याला रागावू नये. त्याने खांद्यासाठी केलं.

घरातल्या कुंड्यांना पाणी घालतो. त्या थोड्याच आहेत, लवकर होतं.

काचघरातली झाडं बरी आहेत. नेच्यांना नवी पानं आली आहेत.

बाळांची नावं ठरली असल्यास कळव. तू कधी येणार ते कळव. घाई नाही.


दि. ११ एप्रिल

चि. धाकटोबास,
आशीर्वाद.

अनेक आणि उत्तम हे शब्द गाळले आहेत. नजरचुकीने नव्हे.

ह्यांचं पत्र आलं. पाकीट बघूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं, कारण लग्नानंतर मला ह्यांचं एकच पत्र आलं होतं, मी बाळंतपणाला गेले तेव्हा, आणि त्यात घरात शिरलेल्या उंदराची हकीकत होती. आता हे दुसरं. सोबतच पाठवते आहे. तूही वाच. खिडकीबाहेर बघत वाचू नकोस.

काय दिवे लावलेस रे! तुला नोकरी नकोशी झाली, तू अर्धी सोडलीस. ह्यांना हवी होती, त्यांची अख्खी घालवलीस. आणि स्वतः तिथेच दारात बसला आहेस. तुला ते बिनतापाचं काम होतं. ह्यांना ते काम होतं. इतकी वर्षं परक्यांच्या नोकऱ्यांवर फुली मारत हिंडलास, तेव्हा मी कधी बोलले नाही, पोटासाठी करतो म्हटलं. आता तर पोटाचाही प्रश्न नव्हता. नुसती हाताची सवय.

आणि ते रागावू नये म्हणतात! म्हणून मला जास्त राग येतो.

राहू दे. मला एकच कळव. हे दिवसभर करतात काय? नीट जेवतात का? झाडं बरी आहेत, नेच्यांना पानं आली आहेत, असं लिहिलं आहे. काम बंद झालं तर ती पानं ह्यांना दिसली कुठे? विचारलं तर मला सांगणार नाहीत. तू दारात बसतोस ना, मग तुला ठाऊक असेल.

अक्का


दि. २२ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न.

वि. वि. मी होऊनच लिहिलेलं नाही. विनंती करायला तोंड कुठे आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की भाऊजी रोज काचघरात येतात. तिकीट काढून.

पहिल्या दिवशी मला वाटलं काही राहिलेलं न्यायला आले असतील. त्यांनी तिकीट पुढे केलं. मी म्हटलं, भाऊजी, तुम्हाला कसलं तिकीट, अधीक्षकांनीही तसं सांगून ठेवलं आहे. तर म्हणाले, फाडा साहेब, मागे लोक खोळंबलेत. मागे कोणीही नव्हतं. मी फाडलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक पाळीला फाडतो. माझी पाळी नसते तेव्हाही येतात, दुसऱ्या माणसाला विचारून खात्री केली. इस्त्रीचा सदरा असतो. आत जातात, नेच्यांजवळच्या बाकावर बसतात. बरोबर डबा असतो, तो दुपारी बागेत खातात. तेव्हा जेवणाची काळजी करू नकोस. जेवण तेवढं ठीक आहे.

बोलत मात्र नाहीत. मी कान देऊन ऐकलं, अक्का. पाणी घालता घालता माणूस झाडाशी दोन शब्द बोलला तर कोणाला काही वाटत नाही. पण सदरा घालून, रिकाम्या हाताने बाकावर बसलेला माणूस झाडाशी बोलू लागला तर लोक आपल्या मुलांना जवळ ओढतात. हे त्यांना कळतं. मला मात्र पाइप बसवताना कळलं नव्हतं. मी लिहिलं होतं की बोलायला आता दिवस मोकळा.

मनातून मी वाट बघत होतो की एखादं तरी झाड सुकेल. पाइप तुंबेल, टायमर बिघडेल, एखादा नाजूक वेल मान टाकेल. मग मी धावत जाऊन सांगेन की बघा, माळ्यावाचून चालत नाही. पण झाडांना मुळीच मुर्वत नाही. सगळी टवटवीत! ऑर्किडही जोरात फुललं आहे. माझ्या आयुष्यात इतकी चोख योजना कधी झाली नव्हती.

अधीक्षकांकडे गेलो. म्हटलं मी सोडतो, दारावर भाऊजींना घ्या. ते लगेच हो म्हणाले. भाऊजींना सांगितलं तर हसले. म्हणाले की हात लावू नका असं लोकांना सांगणं तुम्हाला जमतं, मला कसं जमावं, माझा जन्म हात लावण्यात गेला.

मग मी एक मूर्खपणा केला. नेच्यांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या पाइपचा कॉक बंद केला. म्हटलं कोपरा सुकू लागला की फवारा तिथे पोचत नाही असं सांगेन, तेवढ्यापुरती तरी झारी त्यांच्या हातात येईल. काही दिवसांनी नेचे मलूल दिसू लागले. भाऊजी बाकावरून उठले, मातीत बोट घातलं, वर पाइपकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला गेले. पाणी सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाले की साहेब, माझ्यापायी त्यांना कशाला उपाशी ठेवता? रागाने नाही, अगदी समजुतीने. मी स्टुलावर बसून राहिलो. स्टुलाने टक् सुद्धा केलं नाही.

तू रागाव. ते रागावत नाहीत, त्यामुळे ते काम तुझ्यावर आलं आहे.

तुझा
धाकटोबा


दि. ३० एप्रिल

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद. उत्तम अजून विचाराधीन आहे.

कॉकची गोष्ट वाचून मी इतक्या जोरात हसले की दोन्ही बाळं उठली, आणि त्यांना थोपटता थोपटता रडले. लेकीला वाटलं आईला विश्रांती हवी. तिने मला घरी जायचा हुकूम सोडला आहे. तीही आता बरीच सावरली. जावई बाळांना माणसासारखं धरू लागलेत. मेच्या अखेरीस मी येते.

तोवर तू नवीन युक्त्या काढू नकोस. ह्यांना काही शोधून देऊ नकोस, कुठे शब्द टाकू नकोस. गेलेलं गेलं. तू कितीही हात जोडलेस तरी ती समिती काही झारीला परत बोलावणार नाही. तुला एवढंच सांगते, एखाद्या दिवशी त्यांच्या शेजारी जाऊन बस. काहीही सुधारू नकोस. तेवढं जमतंय का बघ.

मी आले की ह्यांना सांगणार आहे की त्या दिवशी दाराआडून मी सगळं ऐकलं होतं. लाजतील. मग म्हणेन, एवढं नेच्यांना सांगत होतात, आता मला सांगा. मीठ मागायला तोंड उघडलं तरी मला पुष्कळ झालं.

बाळांची नावं ठरली. ह्यांना वेगळ्या चिठ्ठीत कळवली आहेत. तुला आल्यावर कळतील, ही तुझी शिक्षा.

तुझी
अक्का


दि. १४ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळावं.

मी काम सोडलं. राजीनामा घेऊन गेलो तेव्हा अधीक्षक हळहळतील अशी एक खुळी आशा होती. ते म्हणाले की उत्तम झालं, समितीचं तेच चाललं होतं. दारावर आता यंत्र बसवलं आहे. तिकीट त्यात घातलं की आडवा दांडा सरकतो, आणि हात लावू नका अशी पाटी आहे, ती माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते. माझ्यावाचूनही चालतं, अक्का. हे वाक्य मी लोकांना किती सहज ऐकवत असे. ऐकायला वेगळं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून गेलो. यंत्राने ते गिळलं. सकाळची वेळ, आत भाऊजींशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि सरकून जागा केली. मी बसलो, आणि बाक माझ्या बाजूला कललं. टक्. भाऊजींनी सवयीने पायाचा चवडा बाकाखाली घातला आणि ते सावरलं. मी इतके दिवस दारातून बघत होतो की ते एक पाय असा आत ओढून बसतात. मला वाटे, संकोचाने.

मी विचारलं की हे बाक कधीपासून हलतं. म्हणाले, झाले काही महिने. म्हटलं, पायाखाली आधी काही होतं का? ते नेच्यांकडे बघत म्हणाले, होतं.

नोकरीत असताना इतकी वर्षं ते ह्याच बाकावर बसून डबा खात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःखालचा टेकू काढून मला दिला होता. मी त्यावर स्थिर बसून पुढचं सगळं केलं.

उठून दाराशी गेलो. माझं स्टूल कोपऱ्यात अजून उभं आहे, त्याला कोणी हलवलेलं नाही. वाकून टेकू काढला. स्टूल लगेच कललं. बाकापाशी येऊन गुडघ्यावर बसलो आणि भाऊजींना पाय काढायला सांगितला. बाक जरासं उचलून टेकू आत सरकवला. लाकडाला तिथे पूर्वीचा वळ आहे, त्यात तो बरोबर बसला. उठताना मला बाकाचाच आधार घ्यावा लागला. भाऊजींनी दोन्ही हातांनी जोर देऊन पाहिलं. हललं नाही. मी म्हटलं, आता बसा भाऊजी.

ते बसले. तू सांगितल्याप्रमाणे मीही त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसलो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून तुझ्या चिठ्ठीचं टोक दिसत होतं. नावं मी विचारली नाहीत. मग मला जाणवलं की मी असेपर्यंत ते गप्पच राहणार, म्हणून उठलो आणि निघालो. दाराआड थांबलो नाही.

लोभ पूर्वीएवढा मागत नाही, उरला असेल तो राहू द्यावा ही विनंती.

तुझा
धाकटोबा